सर्दीच्या गोळीने झोप का येते?

"झोप न येणारी सर्दीची गोळी द्या."

पावसाळा सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य दिवसातून पाच-सहा वेळा तरी कानावर पडतं. मागणाऱ्याला औषधशास्त्र कोणी शिकवलेलं नसतं. मागच्या खेपेला साधी सर्दीची गोळी घेऊन तो भर दुपारी स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर पेंगलेला असतो, किंवा बाईंची पेपर तपासता तपासता मान पडलेली असते. नाकासाठी घेतलेली गोळी डोक्यापर्यंत पोचली, एवढं त्यांना नेमकं कळलेलं असतं.

कराडजवळ महामार्गाच्या कडेला गेली पंचवीस वर्षं मी हे दुकान चालवतो. झोपेवर मी काही संशोधन केलेलं नाही. पण मेंदूतली जी रसायनं आपल्याला जागं ठेवतात आणि झोपवतात, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाला धक्का देणारी एखादी तरी गोळी माझ्या फळीवर आहे. धक्का बसला की काय होतं ते गिऱ्हाईकच दोन दिवसांनी येऊन सांगतं, बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात. त्या तक्रारी ऐकत ऐकत मला हा विषय समजत गेला, म्हणून सांगतोही तसाच.

सर्दीपासून सुरुवात करू. धूळ लागून शिंकांवर शिंका येतात, अंगावर पित्त उठून खाज सुटते, या सगळ्यामागे हिस्टामिन नावाचं रसायन असतं. जुन्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामाइन हिस्टामिनची जागा अडवून बसतं, आणि शिंका थांबतात. इथवर सगळं ठीक. घोटाळा असा की हेच हिस्टामिन मेंदूत वेगळ्याच खात्यात नोकरीला आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग असतो. त्याच्या मागच्या बाजूला मूठभर पेशींचा एक पुंजका आहे. तो हिस्टामिन बनवतो आणि त्याचे धागे सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. आपण जागे असतो तोवर या पेशींची टकटक चालू असते. झोप लागली की त्या गप्प होतात. मेंदूत हिस्टामिन बनवताच येत नाही असे उंदीर शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केले. साधा उंदीर नव्या पिंजऱ्यात सोडला की कितीतरी वेळ कोपरान् कोपरा हुंगत फिरतो. हे उंदीर मात्र नव्या जागेतही लवकरच डोळे मिटून घेतात.

मग "झोप न येणारी" गोळी काय वेगळं करते? मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणीच्या असतात. रक्तात आलेलं सगळंच त्या आत सोडत नाहीत. क्लोरफेनिरामाइनचा रेणू छोटा आणि चरबीत विरघळणारा, तो त्या विणीतून सहज झिरपतो. फेक्सोफेनाडिन आत शिरू पाहतं, पण भिंतीतले पंप त्याला परत रक्तात ढकलून देतात. सेटिरिझिन या दोघांच्या मधलं. ते थोडंसं आत जातं, म्हणून ते घेऊन एकाला काहीच होत नाही आणि दुसरा सकाळी नऊपर्यंत उठत नाही.

पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचायची सवय असेल तर एक गंमत दिसेल. सर्दीच्या काही मिश्र गोळ्यांत क्लोरफेनिरामाइनच्या शेजारी कॅफिनही घातलेलं असतं. एकाने पेंग आणायची, दुसऱ्याने ती थोपवायची. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबून खंबाटकी चढण्यातला हा प्रकार, मला तो कधीच पटलेला नाही.

हायपोथॅलॅमसची मागची बाजू जागेपणाची, हे मात्र या गोळ्या निघायच्या कितीतरी आधी कळलं होतं, आणि त्यासाठी माणसांनी फार मोठी किंमत मोजली. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६-१७ च्या हिवाळ्यात, व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात विचित्र रुग्ण यायला लागले. जेवता जेवता, घास तोंडात असताना झोपायचे. हलवलं की उठायचे, विचारलेल्याचं उत्तर द्यायचे, की पुन्हा झोपेत. असे आठवडेच्या आठवडे. काही रुग्णांचं याच्या अगदी उलट, रात्रंदिवस डोळ्याला डोळा नाही. कॉन्स्टँटिन फॉन इकोनोमो या डॉक्टरने १९१७ मध्ये या मेंदूज्वराचं वर्णन लिहिलं. साथ पुढे दहाएक वर्षं जगभर रेंगाळली. दगावलेल्या रुग्णांचे मेंदू त्याने कापून तपासले तेव्हा झोपाळूंच्या मेंदूत हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात जखमा होत्या आणि झोप उडालेल्यांच्या मेंदूत पुढच्या भागात.

तोवर बहुतेकांची समजूत अशी होती की कान-डोळ्यांकडून येणारी वर्दी थांबली, अंधार आणि शांतता झाली की मेंदू आपोआप मालवतो. इकोनोमो म्हणाला, तसं नाही. जागं ठेवणारी एक जागा आहे आणि झोपवणारी वेगळी जागा आहे. हाताशी सूक्ष्मदर्शक आणि मृतांचे मेंदू, एवढ्यावर त्याने काढलेला अंदाज पुढच्या ऐंशी वर्षांत जवळजवळ जसाच्या तसा खरा ठरला. हा गृहस्थ वैमानिकही होता, ऑस्ट्रियातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. दोन्ही कामं त्याने कोणत्या वेळात केली, आणि स्वतः कधी झोपला, देव जाणे.

जागं ठेवायचं काम हिस्टामिन एकटं करत नाही. भजनी मंडळात टाळ, पखवाज, पेटी, वीणा असतात तशी ही संगत आहे. मेंदूच्या देठात एक ठिपका आहे, कापलेल्या मेंदूत तो निळसर दिसतो म्हणून त्याचं लॅटिन नावही 'निळा ठिपका' असंच आहे. तिथून नॉरॲड्रेनालिन सुटतं. रात्री दोनला फोन वाजला की आपण एका क्षणात टक्क जागे होतो, छाती धडधडते, ते याच्या कृपेने. डोपामिन आहे. मोडाफिनिल नावाची जागं ठेवणारी गोळी मुख्यतः त्याच्यावर काम करते, आणि परीक्षांच्या दिवसांत कॉलेजची पोरं तिची चौकशी करायला येतात. चिठ्ठीशिवाय मिळत नाही म्हटल्यावर एनर्जी ड्रिंक कुठलं ठेवता म्हणून विचारतात. ॲसिटिलकोलिन आहे, त्याच्याकडे पुढे परत यायचं आहे.

आणि सेरोटोनिन. त्याची गोष्ट थोडी फजितीची. फ्रान्समध्ये लियाँ इथे मिशेल झुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतलं सेरोटोनिन कमी केलं तर मांजरांची झोप उडाली. म्हणून बरीच वर्षं सेरोटोनिनला झोपेचं रसायन मानलं गेलं. पुढे त्या पेशींमध्ये तारा घालून बघितलं तर त्या जागेपणी सर्वांत जास्त चालू! आजही सेरोटोनिनची भूमिका एका वाक्यात सांगा म्हटलं तर जाणकार माणूस घसा खाकरतो. आंतरजालावर 'सेरोटोनिन वाढवा, शांत झोपा' वाचाल तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

एक वाद्य थांबलं तरी भजन चालू राहतं, फक्त जरा मंदावतं. सर्दीच्या गोळीने पेंग येते, पण माणूस बेशुद्ध पडत नाही, त्याचं कारण हेच. खरी झोप लागायची तर सगळी वाद्यं एकदम थांबली पाहिजेत. हे थांबवणाऱ्या पेशी १९९६ मध्ये हार्वर्डमधल्या क्लिफर्ड सेपर यांच्या गटाला सापडल्या. इकोनोमोने सांगितलं होतं तिथेच, हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात. उंदीर झोपला की या पेशी चालू होतात आणि गाबा नावाचं रसायन सोडतात. त्यांचे धागे जागेपणाच्या एकूण एक केंद्रापर्यंत गेलेले असतात. गाबाचा निरोप एकच असतो, गप्प बसा.

गंमत पुढेच आहे. जागेपणाची केंद्रंही उलट या झोपेच्या पेशींना दाबून धरतात. म्हणजे एक बाजू वर असेल तर दुसरी खालीच. म्हणून सेपर यांनी याला विजेच्या खटक्याची उपमा दिली. खटका चालू असतो किंवा बंद असतो, मध्ये तरंगत नाही. तुम्ही दिवाणावर आडवे होऊन बातम्या ऐकत असता, बायको विचारते "झोपलात का?", तुम्ही म्हणता "नाही, ऐकतोय", आणि पुढचं वाक्य अर्धा तास उशिराचं असतं. झोप येण्याची वाट पाहणं लांबलचक असतं. झोप लागणं मात्र खट् असं असतं.

माझ्या दुकानात झोपेच्या ज्या गोळ्या कुलपाच्या कपाटात आहेत, अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, त्या सगळ्या गाबाचा आवाज वाढवतात. त्यांच्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागते, वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं, आणि ती वही तीन वर्षं जपून ठेवावी लागते. "ती छोटी गोळी द्या, आई कायम घेते" म्हणत रिकामं पाकीट नाचवणारे रोज येतात आणि मी कायदा दाखवला की रागावून जातात. पण कायद्याच्या पलीकडे एक साधं कारण आहे. गाबा काही फक्त झोपेच्या खटक्यापाशी नसतं, ते मेंदूत सगळीकडे आहे. तोल सांभाळणाऱ्या भागात आहे, आठवण साठवणाऱ्या भागात आहे. गोळी सगळीकडेच आवाज वाढवते. म्हणून सत्तरीच्या आजी रात्री लघवीला उठतात, भिंत चाचपडतात आणि खुब्याचं हाड मोडून घेतात. शिवाय महिनोन्महिने घेतली की मेंदू तिला सरावतो, आणि ती एकदम बंद केली की आधीपेक्षा वाईट रात्री येतात. दारूचं तंत्रही पुष्कळसं याच वाटेने जातं. पहिल्या प्रहरात गाढ झोपवते, आणि उतरायला लागली की पहाटे तीनला डोळे सताड उघडे.

आता प्रश्न असा की खटका जर इतका हलका, तर दिवसभर तो उगाच पडत का नाही? कंटाळवाणं भाषण ऐकतानाही आपण बहुतेक वेळा जागे कसे राहतो? खटक्यावर कोणीतरी बोट दाबून धरलेलं आहे म्हणून. ते बोट ज्या रसायनाचं, ते १९९८ मध्ये सापडलं, तेही दोन गटांना एकाच वर्षी. अमेरिकेतल्या एका गटाने त्या रसायनाला हायपोक्रेटिन नाव दिलं. मासाशी यानागिसावा यांच्या गटाला वाटलं की हे भुकेचं रसायन आहे, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ओरेक्सिन म्हटलं. दोन्ही नावं आजही चालतात. एसटीच्या पाटीवर गावाचं एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरं, तसं. मी ओरेक्सिन म्हणतो, जिभेला सोपं पडतं.

भुकेचं काय होतं ते पाहायला यानागिसावांच्या प्रयोगशाळेत ओरेक्सिन नसलेले उंदीर तयार केले. उंदीर निशाचर, म्हणून रात्रीच्या अंधारात अवरक्त कॅमेऱ्याने त्यांचं चित्रण केलं. उंदीर हुंदडत होते, अंग चाटत होते, आणि मध्येच एखादा धावता धावता थिजून आडवा व्हायचा. थोड्या वेळाने उठून जणू काही घडलंच नाही असा पुढे चालू. आधी शंका आली फेफऱ्याची. पण मेंदूच्या लहरी वेगळंच सांगत होत्या.

त्याच सुमारास स्टॅनफर्डमध्ये इमॅन्युएल मिन्यो एका आनुवंशिक दोषाच्या मागे दहा वर्षं लागलेले होते. तिथे डॉबरमन आणि लॅब्राडोर जातीच्या काही कुत्र्यांचा कळप सांभाळलेला होता. या कुत्र्यांना आवडीचं खाणं दाखवलं की ती आनंदाने उड्या मारत यायची आणि मागचे पाय लुळे पडून कोसळायची. शुद्धीवर असायची, डोळे उघडे असायचे, अंगात फक्त ताकद नसायची. १९९९ मध्ये दोष सापडला. ओरेक्सिनचा निरोप जिथे घ्यायचा ते दारच या कुत्र्यांच्या पेशींत बिघडलेलं होतं. त्याच वर्षी त्या उंदरांचाही अहवाल छापून आला. पुढच्या वर्षी माणसांचे मेंदू तपासले गेले. नार्कोलेप्सी नावाच्या आजारात माणूस दिवसा कुठेही झोपतो आणि मोठ्याने हसला की त्याचे गुडघे गळतात. अशा रुग्णांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्याच नव्हत्या. निरोगी माणसात त्या साधारण सत्तर हजार असतात. सगळ्या मेंदूत ८६ अब्ज चेतापेशी. त्यांतल्या सत्तर हजार गेल्या की विनोद ऐकायची भीती वाटायला लागते.

ही भीती अतिशयोक्ती वाटेल. एक तरुण आमच्याकडे महिन्याला औषध न्यायला येतो. त्याला नीट निदान व्हायला सात वर्षं लागली. तोवर आळशी, व्यसनी, बाहेरची बाधा, सगळी लेबलं लावून झाली होती. मित्रांच्या कट्ट्यावर तो भिंतीला टेकूनच बसतो. कोणी चांगला किस्सा सुरू केला की आधी हातातला चहाचा कप खाली ठेवतो.

हसताना त्याचे गुडघे का गळतात, हे समजायला झोपेतच जरा आत शिरावं लागतं. झोप सलग एकसारखी नसते. दर दीडएक तासाने असा एक टप्पा येतो की बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरतात आणि स्वप्नं रंगतात. या टप्प्यात हिस्टामिन, नॉरॲड्रेनालिन, सेरोटोनिन, सगळे ठार गप्प असतात. ॲसिटिलकोलिन मात्र जागेपणी असतं तसंच जोरात चालू होतं. बाकी मंडळी घरी गेलेली आणि एकटा पखवाजवाला वाजवत बसलेला. मेंदू पेटलेला, पण बाहेरच्या जगाशी संबंध नाही, म्हणून स्वप्न. आणि स्वप्नात धावताना पलंगावरून खरंच उठून धावू नये म्हणून मेंदूचा देठ मानेखालचे बहुतेक स्नायू त्या वेळेपुरते तोडून टाकतो. त्या तरुणाचा खटका ढिला असल्यामुळे स्वप्नातला हा लुळेपणा भर दिवसा, जागेपणी सांडतो. तुमच्याआमच्या बाबतीत कधीतरी उलट होतं. डोळे उघडतात आणि लुळेपणा अजून उतरलेला नसतो. "रात्री छातीवर कोणीतरी बसलं होतं, ओरडायला जावं तर आवाज फुटेना" म्हणतात ते हेच. अर्ध्या-एक मिनिटात सुटतं.

ॲसिटिलकोलिनची गंमत एका मावशींनी मला शिकवली. त्यांच्या सासऱ्यांना विसरण्याचा आजार, त्यावर डोनेपेझिल चालू झालं. हे औषध मेंदूतलं ॲसिटिलकोलिन वाढवतं. दहा-बारा दिवसांनी मावशी आल्या. "काय ओ, रोज रात्री आण्णा बैल सोडवाय उठत्यात. स्वप्नातलं खरंच वाटतंय त्यांना." बैल विकून वीस वर्षं झाली होती. मी त्यांना डॉक्टरांना फोन करायला लावला. डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी घ्यायला सांगितली आणि बैल गेले. या औषधाने स्वप्नं अशी ठसठशीत होतात हे पुस्तकात होतंच, मी ते कधी लक्ष देऊन वाचलं नव्हतं.

याच रसायनाचा शोध स्वप्नात लागला, हा योगायोग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ऑस्ट्रियात ग्राट्झ इथे ओट्टो लोवी यांना ईस्टरच्या सुमारास रात्री स्वप्नात एक प्रयोग सुचला. उठून चिठोऱ्यावर खरडला, आणि सकाळी स्वतःचं अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तीनला तेच स्वप्न पुन्हा पडलं. या वेळी ते सरळ प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची हृदयं घेतली, एकाची नस चेतवून त्याची धडधड मंद केली, त्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयाला दिलं. दुसरंही मंदावलं. नसांचा निरोप रसायनातून जातो, हे त्या पहाटे सिद्ध झालं. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामासाठी १९३६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्या पाण्यातलं रसायन होतं ॲसिटिलकोलिन.

असो. खटका कसा आहे ते कळलं, पण तो रात्री दहा-अकराला दाबतं कोण? दोघं मिळून दाबतात. त्यातलं एक घड्याळ. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये दे मेराँ यांनी लाजाळूसारखं एक झाड अंधाऱ्या कपाटात ठेवलं. ऊन दिसत नसूनही पानं सकाळी उघडत आणि रात्री मिटत राहिली. तसंच घड्याळ आपल्या हायपोथॅलॅमसमध्ये आहे, साधारण वीस हजार पेशींचं. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडावर ते रोज लावून घेतलं जातं. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्याने पिनियल ग्रंथी मेलाटोनिन सोडते.

मेलाटोनिनची पाकिटं आता सर्रास खपतात, आणि लोक त्याला झोपेची गोळी समजतात. ते झोपवत नाही. रात्र झाली, एवढी दवंडी पिटतं. उंदरातही मेलाटोनिन रात्रीच वाढतं आणि उंदीर तेव्हा हुंदडायला निघतो. शरीर रात्रभरात जे मेलाटोनिन बनवतं ते मायक्रोग्रामच्या मापात असतं, आणि गोळी तीन, पाच, दहा मिलीग्रामची. दवंडीसाठी डीजे लावल्यासारखं. परदेशातून आलेल्या माणसाचं घड्याळ सरकवायला ती कामाला येते. मोबाइल तोंडासमोर धरून रात्री एकपर्यंत जागणाऱ्याला मी ती देतो तेव्हा मलाच जरा ओशाळल्यासारखं होतं. एक बारीक गोष्ट, रक्तदाबाच्या मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल या गोळ्या पिनियलला मिळणारा इशारा अडवतात, त्यामुळे काहींची झोप बिघडते. तसं झालं तर डॉक्टरांशी बोला, मनाने गोळी सोडू नका.

खटका दाबणारं दुसरं बोट म्हणजे थकवा, आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. १९०९ च्या सुमारास जपानमध्ये नागोया इथे इशिमोरी यांनी आणि त्यानंतर लवकरच पॅरिसमध्ये पियेराँ यांनी कुत्र्यांना काही दिवस झोपू दिलं नाही. मग त्यांच्या मेंदूतला द्राव ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचला. ती कुत्री झोपली. जागरणाने मेंदूत काहीतरी साठतं हे तेव्हाच कळलं. काय साठतं याला आज अनेक उत्तरं आहेत, त्यांतलं सगळ्यात ठळक म्हणजे ॲडिनोसिन.

चुलीत लाकूड जळलं की राख उरते. मेंदूच्या पेशी एटीपी नावाचं सरपण जाळतात, त्याची राख म्हणजे ॲडिनोसिन. दिवसभर ती साठत जाते. १९९७ मध्ये मांजरांना सहा तास जागं ठेवून मोजलं तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागात ती तासागणिक चढत गेलेली दिसली, आणि झोपल्यावर उतरली. ही राख जागेपणाच्या पेशींना मंद करते आणि झोपेच्या पेशींवरचा दाब सैल करते.

आता आपला चहा. कॅफिनचा रेणू ॲडिनोसिनसारखा दिसतो, ॲडिनोसिनच्या कुलपात जाऊन बसतो, पण फिरत नाही. किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही. थकवा जागच्या जागी असतो, मेंदूला त्याची वर्दी मिळत नाही एवढंच. राख साठायची थांबलेली नसते. कॅफिन उतरलं की सगळी एकदम जाणवते. आणि उतरायला वेळ लागतो. पोटात गेलेल्यातलं निम्मं कॅफिन जायला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं रात्री अकराला अंगात शिल्लक असतं. ही सरासरी झाली. सिगारेट ओढणाऱ्याचं यकृत ते झपाट्याने उडवतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईला जवळपास दुप्पट वेळ लागतो, आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर त्याहून बराच जास्त. "मी रात्री दहाला चहा पितो आणि ढाराढूर झोपतो" म्हणणारे काका आणि दुपारी तीननंतर चहाला हात न लावणारी त्यांची सून, दोघंही खरंच बोलत असतात. भांडण यकृताचं आहे.

सध्या कारखान्यांचा गळीत हंगाम चालू आहे. रात्री अकराला शटर अर्धं ओढलेलं असताना परवा उसाच्या ट्रॅक्टरवरचा एक पोरगा वाकून आत आला. दोन ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या, वर ऊस, मागे लाल रिबीन. दोन रात्री वजनकाट्याच्या रांगेत काढलेल्या. "दादा, झोप उडायची गोळी द्या. डोळं मिटायला लागल्यात."

मी म्हटलं, तसली गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, आणि दिली तरी आतली राख कुठे जात नाही. राख हा शब्द त्याला कळला नाही, कळायचं कारणही नव्हतं. समोरच्या टपरीवर शेवटचा चहा उकळत होता. त्याला सांगितलं, आत्ता दोन कप घे, आणि लगेच ट्रॅक्टरवर जाऊन वीस मिनिटं पड. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघायला लागला, चहा पिऊन झोपायचं? पण हिशेब सोपा आहे. चहातलं कॅफिन मेंदूत नीट पोचायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. तेवढ्यात डुलकीने थोडी राख खाली जाते, आणि रिकाम्या झालेल्या कुलपांत कॅफिन जाऊन बसतं. गाडीचालकांवर हे तपासून पाहिलेलं आहे, नुसत्या चहापेक्षा बरं चालतं. रात्रभराच्या झोपेची भरपाई त्याने होत नाही, तेही मी त्याला सांगितलं. कारखाना चार किलोमीटरवर होता. तिथे पोचलास की रांगेत गाडी लाव आणि चाकाखाली उटी देऊन सकाळपर्यंत झोप, म्हटलं.

त्याने मोबाइलवर गजर लावून माझ्याच हातात दिला. "मला ऐकू येत न्हाई, तुमी उठवा." मी फळ्या पुसत बसलो. गजर वाजला, जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. तो दचकून बसता झाला, पहिला हात स्टिअरिंगवर.

"आलं का कारखाना?"